टोचणी आणि वावडे

(साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मागच्या बुधवारी आपला वर्ग सुटला. मंडळी घरी गेली. एक लेकुरवाळी मात्र मागे थांबली. कडेवर साडेतीन महिन्यांचे बाळ होते. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "गुरुजी, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

मी म्हणालो, "विचार की पोरी. विचारण्यासाठीच तर वर्ग आहे."

ती म्हणाली, "उद्या अंगणवाडीत सुई आहे. आमच्या सासूबाई म्हणतात, पोराला टोचून आणलंस तर दमा लागेल. शेजारच्या पोराला टोचलं, अन् महिन्याभरात त्याच्या गालावर इसब उठला. सगळी आळी बोलते. आता नेऊ का नको?"

मी तिला म्हणालो, "उद्या ने. आज माझ्यावर भरवसा ठेव. पण का न्यायचे, ते पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर सांगेन. मग पटले तर पुढच्या वेळी तुझ्या मनाने ने."

तिने बाळाला नेले. माझा शब्द राहिला आहे. तो आज पुरा करतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. जुन्या अकरावीचा मॅट्रिक आहे. एकोणचाळीस वर्षे मास्तरकी केली. पण या टोचणीच्या बाबतीत मी एकदा चुकलो आहे. ती चूक फार महाग पडली. म्हणून पुढे मी पुष्कळ विचारले, पुष्कळ वाचले. ज्याचा पाय एकदा खड्ड्यात गेला, त्याला खड्डा कुठे आहे ते पक्के ठाऊक असते. त्याचे ऐकावे.

आता पहिला प्रश्न. वावडे म्हणजे काय?

आपल्या प्रत्येकाच्या अंगात राखण करणारी एक शक्ती असते. पुस्तकात तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. ती मळ्यातल्या वस्तीवरच्या कुत्र्यासारखी असते. चोर आला की कुत्रे भुंकते, अंगावर जाते, चोराला पिटाळून लावते. आपल्या अंगात शिरणारे रोगजंतू हे चोर. त्यांना ही शक्ती पिटाळते. म्हणून आपण जगतो.

पण एखादे कुत्रे असे असते की ते पाहुण्यावरही भुंकते. पोस्टमन आला, भुंकले. पोरांचा मामा आला, धोतर धरले. मामा काही चोर नाही. पण कुत्र्याला ते कळत नाही. तसेच काही माणसांच्या अंगातली राखण साध्यासुध्या गोष्टींवर तुटून पडते. घरातली धूळ, फुलांचा पराग, धान्याचा भुसा, एखादा खाण्याचा पदार्थ. यांत चोर कोणी नाही. तरी अंगात भांडण पेटते. नाकात पेटले की शिंकांवर शिंका येतात. छातीत पेटले की दम लागतो, छाती वाजते. कातडीवर पेटले की इसब होतो किंवा गांधी उठतात. यालाच आपण वावडे म्हणतो. डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात.

आपल्या बांधावरचे गाजर गवत पाहा. काँग्रेस गवतही म्हणतात त्याला. हे परदेशातून आलेले तण. १९५५ च्या सुमारास ते आपल्याकडे पुण्यात नजरेस आले, आणि पुढे देशभर पसरले. ते उपटताना एकाच्या अंगाला काही होत नाही. दुसऱ्याच्या हाताला आणि मानेला खाज सुटते, कातडी जाड होते. गवत तेच. फरक अंगातल्या राखणीचा.

आता दुसरा प्रश्न. टोचणी म्हणजे काय?

चोर घरात शिरण्याआधी त्याची चप्पल आणून कुत्र्याला हुंगवली, असे समजा. मग खरा चोर आला की कुत्रे त्याला कुंपणापाशीच ओळखते. लस म्हणजे ती चप्पल. लशीत मेलेला जंतू असतो, किंवा अगदी दुबळा केलेला जंतू असतो, किंवा जंतूचा नुसता एखादा तुकडा असतो. त्यावरून अंगातली राखण चोराची ओळख करून ठेवते.

ही विद्या आजची नाही. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर नावाचे डॉक्टर होते. गाईंच्या सडांवर फोड येण्याचा एक रोग असे. धारा काढणाऱ्या बायांच्या हातांना तो लागे. मग त्या बायांना देवीचा रोग होत नसे. असे तिकडचे शेतकरी म्हणत. जेन्नर यांनी ते नीट तपासले आणि देवीची लस काढली. सहा वर्षांत ती आपल्याकडे पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला पहिली देवी टोचली. आपल्या देशातली ती पहिली टोचणी.

लशीबरोबर भीतीही आलीच. त्याच १८०२ सालात लंडनमध्ये एक चित्र छापले होते. लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई बाहेर येत आहेत, असे त्यात दाखवले होते. लोक हसले, आणि काही घाबरलेही. पण कोणाच्या अंगातून गाय काही आली नाही. देवीचा रोग मात्र गेला. १९७७ साली आपला देश देवीमुक्त ठरला. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाले.

माझ्या दंडावर हे वण आहेत, ते देवी टोचल्याचे. इथल्या म्हाताऱ्या मंडळींच्या दंडावरही असतील. तरुणांच्या दंडावर नाहीत. त्यांना त्या टोचणीची गरजच उरली नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आता मूळ प्रश्न. कुत्र्याला चोराची चप्पल हुंगवली, तर ते पाहुण्यांवर भुंकायला लागते का? म्हणजे, लस टोचल्याने दमा, इसब असली वावडी जडतात का?

मला एके काळी वाटत होते की जडतात. तीच माझी चूक. ऐका.

माझा थोरला मुलगा १९८४ साली जन्मला. त्याला त्रिगुणी लस टोचली, पोलिओचे थेंब पाजले. पोर अंगाने बरे होते. अडीच वर्षांचा झाला आणि एका रात्री त्याची छाती वाजायला लागली. सुगीचे दिवस होते. खळ्यावर मळणी चालली होती. रात्रभर त्याला उभा धरून बसलो. पुढे दर सुगीला तेच. डॉक्टर म्हणाले, बाळदमा आहे.

मी कारण शोधू लागलो. माणूस आजारापेक्षा कारण शोधण्यात जास्त शिणतो. कोणीतरी म्हणाले, "सुयांनी झालं." मला पटले. का पटले? सुई डोळ्यांना दिसली होती. पोर रडलेले आठवत होते. बाकीची कारणे डोळ्यांसमोर असून दिसली नाहीत. माझ्या आईला जन्मभर दमा होता. घरात चूल दिवसभर धुमसत होती. मी स्वतः दिवसाला एक बंडल बिडी ओढत होतो, पोराच्या उशाशी बसून. पण दोष दिला सुईला.

१९८९ साली मुलगी झाली. मी घरात सांगून टाकले, हिला एकही सुई नको. नर्सबाई तीन वेळा दारात आल्या. तिसऱ्या वेळी उन्हातून चालत आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिले, आणि परत पाठवले. वर चार गोष्टी ऐकवल्या. गावातला शिकलेला माणूस ना मी! लोक मला विचारायला येत. मीही सांगत असे, "मी तर नाही बुवा टोचली."

१९९२ च्या चैत्रात गावात गोवर आला. आधी एका घरात, मग आळीभर. माझ्या मुलीला अंगभर पुरळ आले. ताप उतरेना. मग छाती भरली. तालुक्याला नेले. अकरा दिवस दवाखान्यात होतो. पोर वाचली. पण दोन्ही कान फुटून वाहू लागले. डावा कान बरा झाला. उजव्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही.

त्या साथीत आमच्या आळीतली दोन मुले गेली. त्यांतल्या एकाच्या बापाने मला विचारून टोचणी टाळली होती. त्या माणसाने मला कधी बोल लावला नाही. आजही भेटला की आधी तोच राम राम करतो. तो राम राम मला फार जड जातो.

आणि पुढचे ऐका. मुलगी सहा वर्षांची झाली, आणि तिचीही छाती वाजू लागली. थोरल्यासारखीच, सुगीच्या दिवसांत. जी सुई थोरल्याला बाधली असे मी म्हणत होतो, ती सुई हिला टोचलीच नव्हती. तरी दमा आलाच. डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, घरात आणखी कोणाला दमा आहे?" मी म्हणालो, "आईला होता." ते म्हणाले, "चूल आहे? बिडी आहे?" मी खाली मान घातली. त्या दिवशी बिडी सुटली. कान मात्र गेला तो गेलाच.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही तुमच्या एका घराची गोष्ट झाली. अगदी बरोबर. एका मुलाचा पेपर तपासून मी साऱ्या वर्गाचा निकाल लावला असता, तर तुम्ही मला मास्तर म्हटले असते का? माझ्या दोन पोरांवरून निकाल लागत नाही. तसाच शेजारच्या एका पोराच्या इसबावरूनही लागत नाही. त्यासाठी हजारो मुले पाहावी लागतात. आणि तशी ती पाहिली गेली आहेत.

ही शंका काही अडाणी लोकांनीच काढली, असे समजू नका. मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती आली होती. १९८९ साली इंग्लंडातील डेव्हिड स्ट्रॅकन या डॉक्टरांनी १७ हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली. त्यांना दिसले की ज्या घरात भावंडे जास्त, तिथल्या मुलांना शिंकांचे वावडे कमी. त्यांनी अंदाज केला की भावंडांकडून लहानपणी सर्दी-पडसे लागत असेल, आणि त्याने अंगातली राखण शहाणी होत असेल. मग काही जणांनी पुढचा तर्क लढवला. लस रोग थांबवते. रोग थांबले तर राखण रिकामी राहील. रिकामे कुत्रे पाहुण्यांवर भुंकेल. तर्क ऐकायला बरा वाटतो की नाही? पण तर्क तपासून घ्यावा लागतो.

तपासला. चार ठिकाणची हकिगत सांगतो.

पहिली स्वीडन देशाची. तिथे १९७९ साली डांग्या खोकल्याची लस बंद केली होती. नवी लस आल्यावर तिची परीक्षा घ्यायची ठरली. काही बाळांना ती दिली, काहींना दिली नाही. कोणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे पक्षपात नको. त्यांतल्या ६६९ मुलांवर अडीच वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवले. दमा, इसब, शिंका या वावड्यांत दोन्हीकडे फरक दिसला नाही. १९९८ साली हे छापून आले.

दुसरी जर्मनीची. १९९० पर्यंत तिथे दोन वेगळी राज्ये होती. पूर्वेकडच्या राज्यात लस सक्तीची होती. १९८९ साली मधली भिंत पडली. मग डॉक्टरांनी दोन्हीकडची मुले तपासली. लशीने वावडे वाढत असते, तर पूर्वेकडे जास्त निघायला हवे होते. निघाले उलटे. पूर्वेकडच्या मुलांत दमा आणि शिंकांचा आजार कमी होता. आता यावरून लशीने दमा बरा होतो, असे म्हणू नका. तेही चूक. एवढेच म्हणा, की सक्तीने टोचूनही वावडे वाढले नव्हते.

तिसरी इंग्लंडची. ही मला फार आवडते, कारण ती हजेरीपटासारखी आहे. तिथे सुमारे २९ हजार मुलांचे दवाखान्यातले कागद तपासले. आधी असे दिसले की लस न घेतलेल्या मुलांत दमा फारच कमी नोंदलेला आहे. लोक दचकले. मग नीट पाहिले. तेव्हा कळले की ज्यांनी लस घेतली नाही, ती मुले दवाखान्यातच क्वचित जात होती. दवाखान्यात गेलेच नाही, तर दम्याची नोंद होणार कशी? हजेरीपटावर नाव नाही, म्हणून गावात ते पोरच नाही, असे म्हणता येते का? सारख्या वेळा दवाखान्यात जाणारी मुले शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक विरून गेला.

चौथी डेन्मार्कची, अगदी अलीकडची. काही लशींत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचा कण असतो. लशीचा गुण नीट यावा म्हणून तो घालतात. त्याने वावडे होते, अशी हाकाटी होती. तिथल्या विद्वानांनी १२ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. पन्नास आजार पाहिले. त्यांत दमा आणि इसबही होता. ज्यांच्या अंगात हा क्षार जास्त गेला, त्यांना आजार जास्त झाले असे दिसले नाही. २०२५ साली हे छापून आले.

आता तुम्ही विचाराल, मग शेजारच्या पोराला टोचल्यावरच इसब कसा उठला?

मंडळी, बाळाला सुया केव्हा देतात? जन्मल्यावर, दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना, मग नऊ महिने पुरे झाल्यावर, मग दीड वर्षाच्या सुमारास. आणि लहानपणचा इसब बहुतेक केव्हा सुरू होतो? पहिल्या वर्षात. छाती वाजायला केव्हा लागते? पहिल्या काही वर्षांत. म्हणजे कोणतेही दुखणे आले, तरी मागच्या महिन्या-दोन महिन्यांत एखादी सुई झालेली असणारच. याच काळात बाळाला दातही येतात. सुईने दात आले, असे कोणी म्हणते का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ येते. दोष कावळ्याला लागतो.

पण मी तुम्हाला एकच बाजू सांगणार नाही. लशीचा कधीच काही त्रास होत नाही, असे सांगणे खोटे होईल. जे खरे आहे ते ऐका.

टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो. टोचलेली जागा दुखते, सुजते, लाल होते. बाळ किरकिरते. हे पुष्कळांना होते आणि आपोआप जाते. जन्मल्यावर देतात ती क्षयाची लस. तिच्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येतो, आणि वण राहतो. तो यायचाच असतो.

क्वचित एखाद्याला लशीचेच खरे वावडे निघते. ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, श्वास अडकतो, पोर निपचित पडते. हे धोक्याचे आहे. पण ते किती जणांना होते? दहा लाख टोचण्यांमागे एखाद्याला, फार तर दोघांना. आणि बहुधा लगेच होते, अर्ध्या तासाच्या आत. म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा म्हणतात. त्यावरचे औषध नर्सबाईंजवळ असते. ते वेळेवर टोचले की पोर सावरते. आपण काय करतो? "घरी काम पडलंय" म्हणून लगबगीने उठतो. तसे करू नका. तो अर्धा तास फुकट जात नाही.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे? घटसर्पाने घसा बंद होतो. धनुर्वाताने अंग धनुष्यासारखे वाकते. डांग्या खोकल्याने बाळ काळेनिळे पडते. गोवर छातीत उतरतो, कान नेतो, कधी डोळे नेतो, कधी मेंदूवर जातो. हे काही जुन्या काळातच होते असे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली होती. मुले दगावली. त्यांत लस न टोचलेली पुष्कळ होती. उलट पोलिओ पाहा. जिथे तिथे दोन थेंब पाजले, म्हणून १३ जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा रोगी सापडला नाही. २०१४ साली आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

आता ज्या घरात दमा किंवा इसब आहेच, त्यांनी काय करावे? हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. दमा असलेल्या, इसब असलेल्या पोरालाही लस द्यायची. त्याला तर गोवर आणि डांग्या खोकला जास्त जड जातो. किरकोळ सर्दी असली तरी चालते. खूप ताप असला तर नर्सबाईंना सांगा. त्या तारीख पुढे देतील.

दोन. आधीच्या टोचणीला अंगभर गांधी उठल्या असतील, श्वास अडकला असेल, तर ते आधी सांगा. अंड्याचे वावडे असले तरी गोवराची लस चालते. पण तेही सांगून ठेवा. लपवू नका.

तीन. टोचलेल्या जागी हळद, शेण, चुना, तंबाखू काही लावू नका. ताप आला तर नर्सबाईंनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तेवढेच द्या.

चार. दम्याचे खरे वैरी घरातच आहेत. त्यांना बाहेर काढा. चुलीचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका. घरात बिडी-सिगारेट ओढू नका. भिंतीला ओल धरली, बुरशी आली, तर ती काढा. मळणीच्या वेळी लहान पोराला खळ्यावर नेऊ नका. गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, हातांना काही गुंडाळून उपटा. आणि डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला तर तो घ्या. पंपाची सवय लागते, हा आणखी एक खुळा समज आहे. माझा थोरला पंप घेतो. आज तो स्वतःचा ट्रॅक्टर हाकतो.

बाळाला मातीत खेळू द्या. भावंडांत वाढू द्या. गोठ्यात वावरू द्या. युरोपात असे दिसले आहे की गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांना वावडी कमी होतात. पण म्हणून दूध मात्र न तापवता देऊ नका. त्यातून दुसरे रोग येतात. माती, गोठा आणि टोचणी यांचे काही भांडण नाही. तिन्ही एका अंगणात नांदतात.

आता शेवटचे सांगतो.

माझ्या त्या मुलीचे लग्न झाले. २०२१ साली तिला मुलगी झाली. बाळंतपणाला ती माझ्याकडेच होती. दीड महिना झाला आणि ती म्हणाली, "आबा, चला. बाळाला टोचून आणू." मी तिच्याबरोबर गेलो. ती मला नेहमी आपल्या डाव्या हाताला बसवते. उजवीकडून बोललेले तिला ऐकू येत नाही. नर्सबाईंनी सुई टोचली. नात किंचाळली. तिचे रडणे ऐकून माझ्या लेकीने मान वळवली आणि डावा कान बाळाच्या तोंडापाशी नेला. आम्ही अर्धा तास तिथेच बसलो. मला कोणी काही बोलले नाही. मला जे ऐकायचे होते ते मी ऐकले.

मंडळी, त्या काळी मला वाचता येत होते. तरी मी चुकलो. कारण मी ऐकीव गोष्ट धरून बसलो, आणि तपासून पाहिली नाही. तुम्ही आत्ता आत्ता वाचायला शिकलात. तुम्ही तशी चूक करू नका. कोणी म्हणाले, "सुईने असं होतं", तर विचारा, किती पोरांना झाले? न टोचलेल्या पोरांना झाले नाही का? कोणी मोजले? एवढे तीन प्रश्न विचारले, तरी पुष्कळ भुते पळून जातात. हेच प्रश्न मलाही विचारा. मी म्हणतो म्हणून मान डोलवू नका.

आणि एक काम करा. प्रत्येक बाळाचे एक कार्ड असते. त्यावर लशींची नावे आणि तारखा लिहिलेल्या असतात. आजवर ते कार्ड पेटीत पडून राही. नर्सबाई वाचून दाखवतील तेव्हा कळे. पुढच्या बुधवारी ज्याच्या त्याच्या घरचे कार्ड घेऊन या. आपण तेच धड्यासारखे वाचू.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला, ती आज समोर बसली आहे. भाषणाआधी तिने मला कार्ड दाखवले. मी म्हणालो, "पुढची तारीख तूच वाच." तिने बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून ती वाचली. गोवर आणि रुबेला. नऊ महिने पुरे झाल्यावर. तारीखही बरोबर वाचली. मग म्हणाली, "गुरुजी, या खेपेला सासूबाईंनाही संगती नेते. अर्धा तास बसायला त्याही हव्यात."

सासूबाईंना माझा राम राम सांगा. त्यांची भीती खोटी असली, तरी नातवाची काळजी खरी आहे. तिथे बसल्या की त्यांना दिसेल.

एवढे बोलून मी थांबतो. कोणाच्या काही शंका असतील तर आताच विचारा. मी बसलो आहे.